ज्या गुणावर जीव जडतो, तोच आडवा यायला हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: हल्लीच्या प्रेमकथा, मग त्या कादंबरीतल्या असोत, कॉमिक्समधल्या की सिनेमातल्या, वाचताना-बघताना छान वाटतात आणि आठवड्याभरात विसरल्या जातात. असं का होतं? आणि जो स्वतः आजच्या काळातली प्रेमकथा लिहायला बसलाय, त्याने काय सांभाळावं? मी बरीच वर्षं प्रेमकथांची हस्तलिखितं संपादित करते आणि पटकथांच्या वाचनालाही बसते. त्या कामातून जे मत बनलं ते सविस्तर मांडते.

आधी एक आरोप बाजूला काढू. शेवट आधीच ठाऊक असतो म्हणून प्रेमकथा विसरली जाते, असं लोक म्हणतात. ते मला पटत नाही. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या १९८० साली स्थापन झालेल्या लेखकसंघटनेने या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असावं आणि शेवट समाधान देणारा, आशा शिल्लक ठेवणारा असावा. म्हणजे शेवटाचा करार वाचकाने पुस्तक उघडण्याआधीच मान्य केलेला असतो. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यातल्या काही वाचक पुस्तक विकत घेण्याआधी शेवटची पानं वाचून बघत. घरच्यांचं सगळं करून उरलेला, हक्काने मागून घेतलेला तेवढा वेळ त्यांना वाया जाऊ द्यायचा नव्हता. मला ही अपेक्षा अगदी रास्त वाटते. रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठाऊक असूनही आपण वाचतोच की. ज्यांना प्रेमकथेचा सुखी शेवट हलका वाटतो, त्यांना बहुतेकदा तो वाचणाऱ्या बायका हलक्या वाटत असतात. त्या मताला मी किंमत देत नाही.

खरी गोम अडथळ्यात आहे. प्रेमकथा म्हणजे दोन माणसं एकत्र येतात ती गोष्ट नव्हे. ती एकत्र येऊ शकत नाहीत आणि तरी येतात, ही प्रेमकथा. ‘येऊ शकत नाहीत’ हा भाग जितका खरा, तितकी कथा खरी. पूर्वी हा अडथळा लेखकाला बाहेरून मिळायचा: घराणं, जात, पैसा, युद्ध, आधीच ठरलेलं लग्न. प्रत्यक्ष जगातून यातलं काहीच संपलेलं नाही. पण आजची बहुसंख्य प्रेमकथा अशा दोन माणसांची असते, जी कमावती आहेत, वेगळी राहतात, हातात फोन आहे आणि अडवायला कोणी नाही. मग लेखकाला अडथळा शोधावा लागतो, आणि शोधाशोध करण्याऐवजी तो हाताशी असलेला उचलतो: गैरसमज. तिने त्याला जुन्या मैत्रिणीला मिठी मारताना पाहिलं. त्याने अर्धवट संभाषण ऐकलं. चुकीच्या माणसाच्या हाती मेसेज पडला. पुढची शंभर पानं दोघं बोलत नाहीत.

हस्तलिखित वाचताना मी समासात एकच प्रश्न लिहिते: ही दोघं पाच मिनिटं समोरासमोर बसली तर कथा संपेल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो अडथळा नाही. तो नुसता खोळंबा आहे, आणि वाचकाला खोळंबा लगेच कळतो. त्याला कंटाळा येत नाही, राग येतो. गैरसमज वापरूच नये असं मात्र मी म्हणत नाही. माणूस गैरसमजावर विश्वास ठेवतो त्यालाही कारण असतं, आणि ते कारण त्याच्या स्वभावातलं असेल तर गैरसमज उत्तम काम करतो. ज्या मुलीला लहानपणापासून आपण कोणाची पहिली निवड नाही असंच वाटत आलंय, ती ती मिठी पाहून प्रश्न विचारणारच नाही; तिला उत्तर आधीच माहीत असतं. इथे पाच मिनिटं बसूनही काही सुटणार नाही. आता तो अडथळा झाला.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: ज्या गुणावर जीव जडला, तोच गुण पुढे आडवा यायला हवा. आकर्षणाचं कारण आणि अडथळ्याचं कारण एकाच मुळातून आलेलं असेल, तर कथेला बाहेरून काही जोडावं लागत नाही.

१८१३ साली प्रकाशित झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं उदाहरण घेते, कारण आजच्या निम्म्या प्रेमकथा कळत-नकळत तिच्याच सांगाड्यावर उभ्या आहेत. नायक डार्सी नायिका एलिझाबेथकडे ओढला जातो तो तिच्या तल्लख, कोणापुढे न दबणाऱ्या बुद्धीमुळे. माणसं ओळखण्यात आपण तरबेज आहोत, अशी तिची स्वतःबद्दल खात्री असते. आणि नेमकी हीच खात्री तिला फसवते: विकहॅम नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या गोड बोलण्यावर ती विश्वास ठेवते, डार्सीबद्दल निकाल देऊन मोकळी होते. ६१ प्रकरणांच्या कादंबरीत डार्सी ३४व्या प्रकरणात लग्नाची मागणी घालतो आणि ती त्याला साफ नकार देते. म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढे. पुढच्याच प्रकरणात त्याचं पत्र येतं, आणि ते वाचून ती पहिल्यांदा स्वतःकडे बघते. गैरसमज इथेही आहे, पण तो पत्राने नुसता ‘दूर’ होत नाही. पत्रामुळे तिला स्वतःच्या बुद्धीचा अभिमान खाली ठेवावा लागतो. उरलेली कादंबरी त्या बदलाची आहे. ‘आधी भांडण, मग प्रेम’ या साच्यात आज जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं नकाराचा प्रसंग घेतं आणि त्यानंतरचं हे काम सोडून देतं. दोघं एकमेकांना टोमणे मारतात, पाऊस येतो, एकाच खोलीत अडकतात, संपलं. टोमणे मारणारी माणसं बदलली कुठे?

साच्यांबद्दल इथेच बोलून घेते. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या संकेतस्थळांनी, विशेषतः २००९ साली खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ने, कथेला चिठ्ठ्या लावायची पद्धत रुजवली: शत्रू ते प्रियकर, खोटं लग्न, एकच पलंग, दुसरी संधी. वाचकाच्या सोयीची ती उत्तम व्यवस्था आहे. मला आज कोणत्या प्रकारचं दुःख नको आणि कोणतं चालेल, हे वाचक आधीच ठरवू शकतो. पुढे प्रकाशकांनी त्याच चिठ्ठ्या जाहिरातीत आणल्या, आणि मग लेखक चिठ्ठीपासून सुरुवात करू लागले. माझ्याकडे येणाऱ्या कथासारांशात हल्ली पहिल्या ओळीत साचा असतो आणि माणसांची नावं तिसऱ्या ओळीत येतात. हे उलटं व्हायला हवं. ‘खोटं लग्न’ हा साचा वाईट नाही. पण खोटं बोलणं ज्याला सर्वांत अवघड जातं असा माणूस त्यात टाकलात, आणि समोरच्या व्यक्तीचा जीव त्याच्या सच्चेपणावरच जडला, तर साचा जिवंत होतो. तिच्यासाठी तो खोटं बोलतो, आणि बोलला की तिला आवडलेला माणूस तेवढा कमी होतो.

सिनेमाकडे वळते. सिनेमात मनातलं थेट सांगता येत नाही, म्हणून गुण कृतीत किंवा बोलण्यात दिसावा लागतो. याचं मला सापडलेलं सर्वांत नेमकं उदाहरण म्हणजे रिचर्ड लिंकलेटरची ‘बिफोर’ चित्रत्रयी: १९९५, २००४ आणि २०१३, तेच दोन कलाकार, मध्ये नऊ-नऊ वर्षं. पहिल्या चित्रपटात जेसी हा तरुण नुकत्याच भेटलेल्या सेलीनला आगगाडीतून व्हिएन्नाला उतरायला राजी करतो ते निव्वळ बोलून. तो तिला म्हणतो, वीस वर्षांनी तू संसाराला कंटाळलेली असशील, तेव्हा आज भेटलेल्या मुलाचं काय झालं असतं हे बघायला तू काळात मागे आली आहेस असं समज. ती हसते आणि उतरते. तिसऱ्या चित्रपटात दोघं जोडीदार आहेत, मुली आहेत, आणि हॉटेलच्या खोलीत त्यांचं जे भांडण होतं त्यात त्याच्या या गोड बोलण्याचाच तिला वीट आलेला दिसतो. शेवटी समजूत घालायला तो पुन्हा काळप्रवासाचाच खेळ मांडतो, स्वतः काळप्रवासी बनून, आणि यावेळी ती लगेच हसत नाही. अठरा वर्षांपूर्वी ज्यावर ती भुलली ते आता पुरेसं आहे का, हा प्रश्न त्या एका प्रसंगात उघडा पडतो. बाहेरचा एकही खलनायक नाही, आणि तरी ताण सुटत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) हेच सूत्र समाजाला भिडतं. आर्ची आवडते ती तिच्या बेधडकपणामुळे. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलते. तिला स्वभावाचं बळ आहेच, पण त्याला बापाच्या सत्तेची आणि जातीच्या वजनाची जोडही आहे. गावात तिला अडवायची कोणाची हिंमत नाही. जी सत्ता तिला मोकळं फिरू देते तीच पुढे ती आणि तिचा प्रियकर परशा या दोघांच्या मागे लागते. आणि हैदराबादला पोचल्यावर, जिथे त्या वजनाला कोणी ओळखत नाही आणि भाषाही येत नाही, तिथे तीच मुलगी गोंधळते, रडते, हळूहळू वेगळ्या प्रकारे उभी राहते. पळून गेल्यानंतरचा तो भाग अनेकांना लांबलेला वाटला. मला वाटतं चित्रपटातली प्रेमकथा तिथेच सिद्ध होते. अस्वच्छ खोली, पैशांची चणचण, त्याचा संशय, त्याने उचललेला हात, तिचं निघून जाणं आणि परतणं, हे सगळं पाहिल्यावरच ही दोघं एकमेकांची कोण आहेत ते कळतं. बाहेरचा अडथळा कितीही मोठा असला तरी आतला चुकत नाही, हे आजच्या प्रेमकथाकाराने या भागातून शिकावं.

मालिकांबद्दल थोडक्यात. आठ भागांची प्रेमकथा लिहायला सांगितली की प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का मागतात. मग तिसऱ्या आणि सहाव्या भागात दोघांना उगाच तोडलं जातं, आणि प्रेक्षक ते तोडणं मोजायला शिकला आहे. नातं तोडण्याऐवजी दोघांना एकमेकांबद्दल काहीतरी नवं कळलं, तरी भाग संपू शकतो.

कॉमिक्सवर मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण आपल्याकडे त्यांना प्रेमकथेचं माध्यम म्हणून कोणी फारसं मोजत नाही. कॅप्टन अमेरिका निर्माण करणाऱ्या जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीनेच १९४७ साली ‘यंग रोमान्स’ काढलं आणि अमेरिकेत प्रेमकथांच्या कॉमिक्सची लाट आली. १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात प्रेमकथांसाठी कलमच होतं: घराचं महत्त्व आणि विवाहसंस्थेचं पावित्र्य ठसवलं पाहिजे, घटस्फोट इष्ट म्हणून दाखवता कामा नये. अडथळाच लिहू द्यायचा नाही म्हटल्यावर उरतात ते नुसते डोळ्यांतले अश्रू आणि अंगठी. त्या कॉमिक्सचा जीव जायला इतरही कारणं होती, पण हे माझ्या मते मोठं.

जपानमध्ये याच्या उलट घडलं. १९४९च्या आगेमागे जन्मलेल्या मोतो हागियो, केइको ताकेमिया, रियोको इकेदा अशा चित्रकथाकार स्त्रियांनी १९७०च्या दशकात मुलींच्या मांगाचं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं, रूपच पालटलं. चौकटींच्या रेषा मोडल्या, एका चित्रावर दुसरं चित्र आणलं, मनातली वाक्यं फुग्याबाहेर मोकळ्या जागेत सोडली. यातून एक गोष्ट साधली, जी ना कादंबरीला इतकी सहज जमते ना सिनेमाला: एकाच पानावर बाहेरचा चेहरा आणि आतली खळबळ एकदम दिसू लागली. पात्र हसतंय आणि त्याच्या मागे पसरलेलं मन हसत नाहीये. प्रेमात पडलेल्या माणसाची अवस्था दुसरी काय असते?

पुढे दक्षिण कोरियातून आलेल्या वेबटूनने पानच काढून टाकलं. फोनवर खाली सरकवत वाचायचं असल्याने दोन चित्रांमधली मोकळी जागा कितीही लांब ठेवता येते. तो दार वाजवतो. मग पांढरी रिकामी जागा, वाचकाचं बोट सरकत राहतं. मग दार उघडतं. ही वाट बघायला लावायची ताकद मोठी आहे. आणि वाया घालवायला सोपी आहे, कारण वाट बघून शेवटी मिळतो तो लाजून लाल झालेला चेहरा, पुन्हा पुन्हा. ॲलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’ २०१६ साली वेबकॉमिक म्हणून सुरू झाली. निक आणि चार्ली या दोन शाळकरी मुलांची ही कथा अतिशय साध्या रेषेत काढली आहे. भावना उचंबळली की चौकटीत झाडाची पानं तरंगतात, आणि २०२२च्या मालिकेत तीच रेखाटलेली पानं खऱ्या माणसांभोवती उडताना दाखवली. मला त्यात आवडतं ते हे, की निकचा सहज, सगळ्यांना आपलंसं करणारा स्वभाव चार्लीला भुरळ घालतो, आणि सगळ्यांना आवडणाऱ्या मुलालाच स्वतःचं खरं सांगणं जड जातं. कथा गोड आहे, पण हलकी नाही.

आता दोन गोष्टी, ज्यांवर माझ्याकडे सर्वांत जास्त वाद होतात.

पहिली, मालकी गाजवणारा नायक. तिचा फोन तपासतो, पाठलाग करतो, ‘तू माझी आहेस’ म्हणतो, आणि हे खोल प्रेमाचं लक्षण म्हणून रंगवलं जातं. वाचकाला असं स्वप्नरंजन आवडतं म्हणून तिला खऱ्या आयुष्यात तसाच माणूस हवा असतो, असं मी कधीच मानलं नाही. वाचक तेवढी शहाणी असते. माझी हरकत लेखनाची आहे. त्या वागण्याची किंमत कथेत कोणी मोजतं का? त्याच्या भीतीपोटी तिने एखादी मैत्रीण गमावली, एखादी नोकरी सोडली, तर कथेला ते ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर कितीही काळोखी कथा मी उचलून धरेन. नसेल तर ज्या गुणावर जीव जडला त्याचं पुढे काहीच होत नाही, तो फक्त वाढवून वाढवून दाखवला जातो, आणि कथा एकाच जागी फिरते.

दुसरी, शारीरिक जवळिकीचे प्रसंग. २०१८ पासून एचबीओ या अमेरिकी वाहिनीने आपल्या मालिकांच्या चित्रीकरणात अशा प्रसंगांसाठी स्वतंत्र समन्वयक नेमायला सुरुवात केली आणि ती पद्धत पसरली. कलाकारांच्या सुरक्षेसाठी ते हवंच होतं. पण त्यामुळे लेखकाचंही भलं झालं, कारण कोण कुठे हात ठेवतो आणि का, हे आधी ठरवावं लागतं. कादंबरीकारानेही स्वतःला तेच विचारावं. या प्रसंगानंतर दोघांमधलं काय बदललं? काहीच बदललं नसेल तर प्रसंग कितीही तापलेला असो, तो कापता येतो. मी कापते. आणि अंगाला अंग न लागताही, एकाने दुसऱ्याचा चष्मा पुसून दिला इतक्यात सगळं बदललं असेल, तर तो प्रसंग दोन पानं चालू द्यावा.

फोनबद्दल लेखक तक्रार करतात की त्याने विरह मारला. मला तसं दिसत नाही. समोरचा काहीतरी टाइप करतोय हे दिसतं, मग थांबतो, मग काहीच येत नाही. निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर नाही. विरहाची इतकी बारीक मोजणी आधीच्या कुठल्याही काळाला शक्य नव्हती. फक्त पडद्यावर सगळा मजकूर वाचायला लावू नका. पाठवलेला मेसेज कमी महत्त्वाचा, खोडलेला जास्त.

व्यवसाय मात्र बहुतेक कथांत रंगापुरता असतो. नायिका वास्तुविशारद आहे म्हणे, पण तीनशे पानांत तिच्या डोक्यात एकदाही इमारतीचा विचार येत नाही. माणूस ज्या कामात दिवसाचे आठ तास घालवतो त्या कामाने त्याची नजर घडवलेली असते, आणि प्रेमात पडताना तो त्याच नजरेने बघतो. भूल देणारी डॉक्टर समोरच्याचा श्वास ऐकेल. भाषांतरकार त्याने टाळलेला शब्द पकडेल. हे हाताशी असताना डोळ्यांच्या रंगावर थांबणं म्हणजे फुकट गेलेली संधी.

आणि माफीचा प्रसंग. भर समारंभात, शंभर लोकांसमोर, माइक हातात घेऊन केलेली कबुली मला जवळजवळ नेहमीच खोटी वाटते. ती प्रेमाची नसते. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा न ठेवण्याची असते. एलिझाबेथची धाकटी बहीण विकहॅमबरोबर पळून जाते, ते प्रकरण डार्सी निस्तरतो ते पैसे खर्च करून, नावडत्या माणसाशी बोलणी करून, आणि तिला कळू न देता. ज्याने तोंडावर मागणी घातली होती तो आता गप्प राहून काम करतो. माफी म्हणजे आपल्या दोषाच्या नेमकं विरुद्ध जाऊन केलेलं काहीतरी. बोलघेवड्याने गप्प बसावं, गप्प राहणाऱ्याने बोलावं, वेळ न देणाऱ्याने वेळ द्यावा.

तुम्ही लिहायला बसलाच असाल तर कथानक आखण्याआधी एवढं करा. पहिल्या भेटीत तो तिच्यात नेमकं काय टिपतो, जे इतर कोणी टिपत नाही, ते एका ओळीत लिहा, तिचंही लिहा. मग लगेच, मधलं काहीही न ठरवता, तो प्रसंग लिहा ज्यात तीच गोष्ट त्याला सहन होत नाही. दोन्ही प्रसंग जमले तर मधली कादंबरी तुम्हाला सापडेल. दुसरा प्रसंग लिहिताच येत नसेल तर पहिल्या ओळीकडे परत जा; तिथे बहुधा ‘तिचं हसू’ किंवा ‘त्याचे डोळे’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. ते खोडा आणि त्या माणसाची एखादी सवय लिहा.

शेवट सुखी ठेवायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा. दोघांपैकी निदान एकाने आपला तो गुण थोडा वाकवला असेल आणि दुसऱ्याला ते दिसलं असेल, तर सुखी शेवट तुमच्या हक्काचा आहे, तो बिनधास्त लिहा. कोणीच वाकलं नसेल तर लग्नाचा प्रसंग लिहू नका. त्याआधीची तीस पानं पुन्हा लिहा.